बैलबंड्यांवरच्या डायऱ्यांचा फुकट संग्रह: वाचा नक्की, पण प्रिंट काढताना मार्जिन पहा

हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं नेटवर फुकट ठेवलेला जुन्या डायऱ्यांचा संग्रह, ‘ट्रेल्स ऑफ होप’ नावाचा, आणि दुसरी म्हणजे त्यातली न् अजून एक-दोन ठिकाणची पानं मी तालुक्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून, स्पायरल मारून आणली ती. दोन्ही सोबतच सांगते कारण आमच्या घरात आता ते दोन्ही मिळून एकच पुस्तक झालंय आणि बाबा त्याला ‘बंडीचं पुस्तक’ म्हणतात, बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.

मी झेडपीच्या शाळेत शिकवते, गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. बाबा सुतार. आता सत्तरी पार झाली, वाकस-पटाशी खुंटीला गेली, पण एके काळी आजूबाजूच्या दहा गावात त्यांच्या हातच्या बंड्या चालायच्या. डिसेंबरात बहिरमची यात्रा लागली की आमच्याकडे बंडीच्या गोष्टी निघतातच, रात्री दोनला बैल कसे जुंपायचे, राहुटी कुठे ठोकायची, गवऱ्यांच्या आरावर रोडगे कसे भाजायचे, कोणाची बंडी नदीच्या रेतीत फसली होती, आणि दरवर्षी मला वाटतं की हे कोणीच लिहून नाही ठेवलं. आता सगळे ऑटोनं नाहीतर मोटरसायकलनं जाऊन संध्याकाळी परत येतात. यंदा सुट्टीत मी सहजच सर्च करून राहिली होती की बैलगाडीच्या प्रवासाची जुनी चित्रं, डायऱ्या कुठे मिळतात का, आणि आपल्याकडचं काही सापडलं नाही पण हे सापडलं.

थोडक्यात काय आहे ते सांगते. १८४० च्या दशकापासून पुढची पंचवीसेक वर्षं अमेरिकेतले हजारो कुटुंब मिसूरी नदीच्या काठावरून निघून पश्चिमेला ओरेगन, कॅलिफोर्निया, युटाकडे गेले, ताडपत्रीच्या बंड्या घेऊन. ओरेगनचा रस्ता जवळपास ३,२०० किलोमीटर, म्हणजे अमरावतीहून दिल्लीला जाऊन, परत येऊन, तरी बरंच उरेल एवढा, आणि तो चार ते सहा महिन्यात बैलांच्या पायानं. दिवसाला चोवीस-पंचवीस किलोमीटर झाले तर चांगला दिवस. या संग्रहात १८४६ ते १८६९ या काळातल्या ४९ जणांच्या डायऱ्या आहेत, ५९ वह्या भरतात त्या, सोबत ४३ नकाशे आणि त्या काळात प्रवाशांसाठी छापलेली ७ मार्गदर्शक पुस्तकं. १८६९ लाच का थांबला तर त्या वर्षी १० मे ला युटामध्ये प्रोमॉन्टरीला दोन्हीकडची रेल्वे जोडल्या गेली आणि बंडीचं काम संपलं.

वापरायला सोपं आहे. वहीच्या पानाचा फोटो दिसतो आणि टाइप केलेला मजकूरही आहे, त्यामुळे अक्षर नाही लागलं तरी अडत नाही. लॉगिन नाही, पैसे नाहीत. हे मला फार मोठं वाटलं, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या माणसाच्या हातची वही, शाईचा डाग पडलेली, पेन्सिल पुसट झालेली, आमच्या गावात रात्री लाइन आल्यावर खाटेवर पडून मोबाइलवर पाहता येते.

आता आतल्या मजकुराबद्दल. पहिले दोन दिवस मी कंटाळली, खरंच. रोज तेच ते. आज इतके मैल, हवा अशी, पाणी खराब, गवत चांगलं, गवत नाही, आज दोन कबरी दिसल्या. कोणाला काय वाटलं, भीती वाटली का, घर आठवलं का, हे शोधत होती मी आणि ते फार कमी मिळतं. मग तिसऱ्या-चौथ्या रात्री डोक्यात प्रकाश पडला की गवत हीच तर त्यांची गोष्ट आहे. बैलाचं पोट भरलं तर बंडी चालेल, बंडी चालली तर बर्फ पडायच्या आत डोंगर पार होईल, नाहीतर सगळं कुटुंब तिथंच. वसंतात गवत उगवेपर्यंत नदीकाठी थांबून राहायचं, फार लवकर निघालं तर बैल उपाशी आणि फार उशिरा निघालं तर डोंगरात बर्फ. आपल्याकडे वापशाची वाट पाहतात ना पेरणीसाठी, लवकर केली तर दुबार अन् उशीर झाला तर हातचं गेलं, तसंच. हे समजल्यावर ‘गवत चांगलं’ एवढे दोन शब्द वाचले तरी मला बरं वाटायला लागलं.

आणि कबरी. १८४९ ते १८५२ या वर्षांत त्या रस्त्यावर कॉलरा होता आणि सकाळी ठणठणीत असलेला माणूस रात्री पुरला जायचा. प्लॅट नदीच्या काठानं सगळ्यांचे मुक्काम तेच, पाणी तेच, म्हणून पसरत गेला. आमच्या गावच्या शिवेवर मरीमायचं ठाणं आहे, पटकीच्या साथीतलं, तिथून रोज शाळेत जाते मी, त्यामुळे ती पानं वाचताना हे कुठल्या परक्या मुलखातलं आहे असं एकदाही वाटलं नाही.

खरी मजा बाबांसोबत आली. त्यांना इंग्रजी येत नाही, पण चित्र येतं. डायऱ्यांत चित्रं कमीच, म्हणून स्केच मी वेगळे शोधले. जे. गोल्ड्सबरो ब्रफ नावाचा नकाशे काढणारा माणूस १८४९ ला वॉशिंग्टनहून एका कंपनीचा, म्हणजे सोबत निघालेल्या प्रवाशांच्या तांड्याचा, पुढारी होऊन निघाला, त्याच्या वह्या आणि रेखाटनं हंटिंग्टन लायब्ररीत आणि येल युनिव्हर्सिटीत आहेत. मुक्काम, बंड्या, वाटेतल्या कबरी, त्यांच्यावर लिहिलेला मजकूरसुद्धा त्यानं उतरवून घेतला. शेवटी डोंगरात कंपनीचं सामान राखत मागं थांबला, बाकीचे पुढं गेले आणि त्याला न्यायला परत कोणी आलंच नाही, तो अख्खा हिवाळा त्यानं तिथं काढला. दुसरा विल्यम हेन्री जॅक्सन, पुढं फार मोठा फोटोग्राफर झाला, पण १८६६ ला तो तेवीस वर्षांचा पोरगा होता, मालवाहू बंड्यांचे बैल हाकायच्या नोकरीवर, आणि जाताजाता स्केच काढायचा. त्याचं काम नेब्रास्कातल्या स्कॉट्स ब्लफच्या संग्रहालयात आहे. इथं एक सांगून ठेवते, जॅक्सनची रंगीत चित्रं जास्त फिरतात नेटवर, पण ती बरीचशी त्यानं म्हातारपणी काढलेली आहेत, जुन्या आठवणीवर न् स्केचवर. सुंदर आहेत, पण रस्त्यावर बसून काढलेलं पाहायचं असेल तर पेन्सिलचे साधे स्केच पहा.

बाबांनी पहिलं चित्र हातात घेतलं, चष्मा वर केला, कागद डोळ्याजवळ नेला आणि पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “अवं पोरी, या बैलायले वशिंडच नाई, मंग जू थांबते कुठी?”

मी शंभर पानं वाचली होती तोवर आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. शोधलं तेव्हा कळलं की तिकडच्या बैलांना खांदा सपाट, म्हणून लाकूड वाफवून वाकवलेली एक कमान बैलाच्या गळ्याखालून घेऊन वर जुवात अडकवायचे, तेच त्यांचं जोतं न् तीच शिवळ. दुसरा प्रश्न वेसणीचा. “वेसणीशिवाय सहा-सहा बैल आवरते कोन?” तर हाकणारा बंडीत बसायचाच नाही, डाव्या बाजूनं बैलांच्या सोबत पायी चालायचा, तोंडानं आवाज देऊन आणि चाबूक वाजवून वळवायचा. तसेही बहुतेक लोक पूर्ण रस्ता पायीच चालले, बाया, पोट्टे सगळे, कारण बंडीचा साटा दहा फूट लांब अन् चार फूट रुंद, त्यात टनभर पीठ, बेकन, अवजारं, बिछाने, आणि वरून माणसं बसवली तर बैल मरतील. जे फार जड होतं ते वाटेत टाकून दिलं लोकांनी, लोखंडी चुली, कपाटं, रस्ताभर पडलेली असायची.

ताडपत्रीला जवसाचं तेल लावायचे, पाणी आत येऊ नये म्हणून. हे वाचून दाखवलं तेव्हा आई आतून ओरडली, “जवसाचं?” कारण आमच्याकडे जवस म्हणजे चटणी. मागं कण्याला डांबर न् चरबीच्या वंगणाची बादली लटकवलेली असायची. आणि प्लॅटच्या काठी झाडच नाही, मैलोनमैल, तर बाया पदरात, म्हणजे त्यांच्या त्या एप्रनमध्ये, रानम्हशींचं वाळलेलं शेण गोळा करून त्याच्यावर स्वयंपाक करायच्या. काही जणींना सुरुवातीला किळस आली असं वाचायला मिळतं, नंतर सवय झाली. आईला त्यात किळस येण्यासारखं काय तेच समजेना. सकाळी काढलेलं दूध डब्यात घालून बंडीला टांगायचे आणि दिवसभराच्या हिसक्यानं संध्याकाळपर्यंत लोणी वर यायचं, हे मात्र आईला फार आवडलं, तिनं ते शेजारच्या काकूंना जाऊन सांगितलं.

चाकाचं तर विचारूच नका. डायऱ्यांत येतं की कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आटलं, लोखंडी पट्टी सैल झाली, रात्री चाकं काढून नदीत ठेवली. मी वाचायला सुरुवात केली न् पुढचं वाक्य बाबांनीच सांगितलं, “धाव ढिली झाली असन, पान्यात टाकली त्यायनं, अन् नाई भागलं तं पाचरी ठोकल्या असन.” पुढच्या ओळीत पाचरीच होत्या. आमच्याकडेही वैशाखात चाकं डोहात टाकून ठेवायचे, मी लहानपणी त्या चाकावर बसून पाय भिजवलेले आहेत.

बाबांचा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे विल्यम क्लेटन. १८४७ ला युटाला जाणाऱ्या पहिल्या तांड्यात होता, रोज किती मैल झाले यावरून लोकांचं एकमत होईना, तर यानं एका बंडीचं चाक मोजलं, घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेरे झाले की एक मैल. आऱ्याला लाल कापड बांधलं आणि ८ मे ला दिवसभर चाकासोबत चालत फेरे मोजले, ४,०७०. सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. नंतर मग लाकडी दात्यांचं यंत्र केलं मोजायला, अ‍ॅपलटन हार्मन नावाच्या माणसानं घडवलं ते. बाबा म्हणाले, “हा मानूस कामाचा,” आणि उठून मागच्या अंगणात गेले, तिथं एक जुनं चाक भिंतीला टेकलेलं आहे, सुतळी घेतली, धावेवरून फिरवली, गाठ मारली, माझ्या शिवणकामाच्या टेपानं मोजली. साडेतेरा फूट. मग मला मोबाइलवर हिशोब करायला लावला. किलोमीटरला २४३ फेरे. आमचं गाव ते बहिरम २२ किलोमीटर, म्हणजे ५,३४६ फेरे. तो आकडा त्यांनी पुस्तकाच्या कव्हरवर आतून पेन्सिलनं लिहून ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

माझी आवडती अमेलिया स्ट्युअर्ट नाइट. तिची डायरी मी वेगळीकडून मिळवली. ९ एप्रिल १८५३ ला आयोवातून निघाली, नवरा आणि सात लेकरं. पाऊस, चिखल, ओले बिछाने, आजारी लेकरं, गवत, पुन्हा पाऊस, असं सप्टेंबरपर्यंत. एका नदीपाशी निघायच्या गडबडीत तिची पोरगी लुसी मागंच राहिली, काठाखाली बसून बंड्या उतरताना पाहून राहिली होती, आणि काही मैल जाईपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे बाबांना वाचून दाखवत होती, मी पान उलटायला थांबली तर ते लगेच, “सापडली ना मंग ते पोरगी?” सापडली. मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्यानं आणून दिली. त्याच्या आधी तिचा चॅट नावाचा पोरगा बंडीत चढताना खाली पडला, चाकाखालून कसाबसा वाचला. पण जे मला अजून डोक्यातून जात नाही ते वेगळंच. पूर्ण रस्ता ही बाई गरोदर होती आणि तिनं ते कुठं लिहिलंच नाही. थकवा लिहिला, तब्येत बरी नाही लिहिलं, पण दिवस आहेत हे नाही. शेवटी पोहोचल्यावर एका नोंदीत येतं की आठवं लेकरू झालं. मी ते वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून काढून वाचली, आता माहीत असून, आणि प्रत्येक चढ, प्रत्येक नदी दुसरीच वाटली. शेवटी बैलाच्या दोन जोड्या देऊन जमीन घेतली त्यांनी, त्यावर खिडकी नसलेली लाकडी खोली आणि अर्धा एकर बटाटे.

अजून एक छोटी पण हलवून टाकणारी, पॅट्रिक ब्रीनची. १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या ‘डोनर पार्टी’ नावाच्या तांड्यातला हा बाप, नवरा-बायको न् सात लेकरं, आठ कागद दुमडून त्याची ३२ पानांची वही केली आणि २० नोव्हेंबर ते १ मार्च लिहीत राहिला, बर्फ किती, वारा कुठून, कोण गेलं. ते नऊच्या नऊ जण वाचले. मूळ वही बॅनक्रॉफ्ट लायब्ररीत आहे.

आता जे नाही आवडलं ते. या ४९ मध्ये बायका फार कमी आहेत, मोजक्याच. म्हणून नाइटबाईसारख्या डायऱ्यांसाठी दुसरीकडं जावंच लागतं आणि तुम्ही फक्त इथंच थांबलात तर तो प्रवास पुरुषांचाच वाटेल. पावनी, लकोटा, शोशोनी या तिथल्या मूळ जमातींच्या मुलखातून हे सगळे गेले, त्यांच्या कुरणातलं गवत, त्यांच्या रानम्हशी, पण त्यांच्या तोंडून एक पान नाही. लिहिणारे आधी घाबरलेले असतात, मग कुठंतरी त्यांच्याशीच अदलाबदल करून खायला घेतात किंवा नदी पार करायला त्यांचीच मदत घेतात, ते चार ओळीत येतं न् संपतं. मी मेळघाटाच्या पायथ्याशी राहते, कोरकू लेकरांना शिकवलंय मी, त्यामुळे ही जागा मला रिकामी दिसली आणि टोचली. संग्रहाच्या सुरुवातीलाच याबद्दल पानभर नीट लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

मोबाइलवर पानं मोठी करून पाहायला त्रास होतो, आमच्या नेटवर एकेक पान उघडायला वेळ लागतो. शक्य असेल तर कॉम्प्युटरवर पहा. आणि त्या लोकांचं स्पेलिंग आपल्या पुस्तकातलं नाही, जसं बोलायचे तसं लिहायचे, पण मोठ्यानं वाचलं की समजतं, ही युक्ती मला चौथ्या दिवशी सापडली.

प्रिंटचं. १४० पानं ब्लॅक अँड व्हाइट, २ रुपये पान, स्केचची १२ पानं कलर १० रुपयांनी, स्पायरल ५०, एकूण ४५० झाले. दर ठीक आहे. कलर प्रिंट चांगली आली, पेन्सिलची रेघसुद्धा दिसते. पण दुकानातल्या पोरानं पान ‘फिट’ न करता तसंच मारलं आणि डावीकडची एक-दीड सेंटीमीटरची पट्टी कापल्या गेली, आणि जुन्या वह्यांमध्ये तारीख न् मैल नेमके तिथंच असतात. वरून स्पायरलची भोकं. मी म्हटलं भाऊ हे परत काढून दे, तर म्हणे मॅडम मजकूर तर आला ना पूर्ण. मजकूर आला नाही पूर्ण, तारीखच गेली तर डायरी कसली. वीस-पंचवीस पानं माझ्या पैशानं परत काढावी लागली, आणि जी नाही काढली त्यांच्यावर मी घरी बसून स्क्रीनवर पाहून हातानं तारखा टाकल्या. तो पोरगा वाईट नाही, घाईत होता, लग्नपत्रिकांचा सीझन होता, पण एक नमुना पान काढून दाखवायला पाहिजे होतं.

एक चांगलं झालं, मी मागं २० कोरी पानं टाकायला सांगितली होती, नोट्स काढायला. ती बाबांनी घेतली. त्यांनी पट्टी न् पेन्सिल घेऊन आपल्या बंडीचं चाक काढलंय, तुंबा, आरे, धाव सगळं, आरे मोजून बरोबर, आणि मला नावं लिहायला लावली बाजूला. चौथीच्या पोरांना ते पान दाखवलं तर अर्ध्यांना ‘धाव’ म्हणजे पळणं एवढंच माहीत होतं, एका पोरीनं विचारलं की चाकाला धाव म्हणतात कारण ते धावतं म्हणून का. बाबांना विचारून सांगते म्हटलं.

मार्क द्यायचे तर संग्रहाला ५ पैकी ४, एक बायकांच्या न् तिथल्या मूळ लोकांच्या आवाजासाठी कापला. दुकानाला अडीच, त्यातले दोन कलर प्रिंटचे. ज्यांच्या घरी बंडी चालवलेलं किंवा घडवलेलं म्हातारं माणूस आहे त्यांनी तर हे त्याच्यासोबत बसूनच पहा, एकट्यानं नका पाहू, मी एकटीनं शंभर पानं वाचली आणि वशिंड मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या भागाची पानं काढून ठेवली आहेत, पेन ड्राइव्हवर, सोमवारी बाजाराच्या दिवशी देणार. डावीकडं एक इंच मार्जिन, आधी एक पान नमुना, आणि मागं यावेळी ४० कोरी, बाबांनी सांगितलंय.